पांढऱ्या कोटाआडची अस्पृश्यता

एचआयव्हीचा विषाणू स्पर्शाने, एका खोलीत राहिल्याने किंवा एका ताटात जेवल्याने पसरत नाही, हे आता शाळकरी मुलालाही ठाऊक आहे. हे ज्ञान ज्यांच्याकडून समाजाने घ्यावयाचे, त्या वैद्यकीय क्षेत्रातच अनेक ठिकाणी हा रुग्ण अस्पृश्य ठरतो. त्याच्या केसपेपरवर लाल शाईची खूण होते. शस्त्रक्रियेच्या दिवशी ‘येथे सोय नाही’ असे सांगून दुसऱ्या रुग्णालयाची चिठ्ठी हाती दिली जाते. बाळंतिणीची खाट कोपऱ्यात सरकविली जाते आणि जी गोष्ट प्रथम तिला सांगावयाची, ती वॉर्डबॉयपासून सासूपर्यंत सर्वांना आधी कळते.

या वागणुकीचे समर्थन ठरलेले असते: कर्मचाऱ्यांची सुरक्षितता! कामगारांचे नाव पुढे करून केलेला हा युक्तिवाद कामगार चळवळीने तरी तपासून घेतला पाहिजे. बाधित रक्ताची सुई टोचली, तरी एचआयव्हीची लागण होण्याचा संभव सुमारे हजारात तीन इतका असतो. हिपॅटायटिस-बीचा धोका याहून कितीतरी पटींनी अधिक असूनही त्याच्या नावाने एवढा गहजब होत नाही. शिवाय लागणीनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत चाचणी निर्दोष येऊ शकते. म्हणजे खूण पाहून हातमोजे घालणारा कर्मचारी खूण नसलेल्या रुग्णापुढे बेसावध उभा राहतो. प्रत्येकाचे रक्त संसर्गजन्य मानून सर्वांच्या बाबतीत सारखीच दक्षता घेणे, हाच शास्त्रीय मार्ग होय. तो पत्करला की खुणेचे प्रयोजनच संपते.

मग खूण का टिकते? कारण ती स्वस्त आहे. हातमोजे, सुया टाकण्याच्या भक्कम पेट्या, हिपॅटायटिस-बीची लस, सुई टोचल्यास ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावयाची औषधे, या सर्वांना पैसा लागतो. तो वाचविला जातो आणि कचऱ्याच्या पिशव्या उचलणाऱ्या कंत्राटी सफाई कामगाराच्या वाट्याला भीती तेवढी येते. त्याची भीती खरी आहे. तिचा रोख मात्र रुग्णाकडे वळविला जातो. सारे जाणून रुग्ण टाळणाऱ्या तज्ज्ञ डॉक्टरला तर भीतीची सबबही शोभत नाही. ‘हा रोग वाईट चालीच्या लोकांचा’ हा सोवळेपणाच तेथे पांढरा कोट घालून उभा असतो.

कायदा याविषयी निःसंदिग्ध आहे. २०१७ चा एचआयव्ही व एड्स प्रतिबंध आणि नियंत्रण कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आला. भेदभावाने उपचार नाकारणे, संमतीवाचून चाचणी करणे, रुग्णाची माहिती फोडणे यांना त्याने मनाई केली. त्याच कायद्याने आरोग्यसंस्थांवर कर्मचाऱ्यांना संरक्षक साधने व प्रतिबंधक औषधे पुरविण्याचे बंधनही घातले. वीस किंवा अधिक माणसे असलेल्या आरोग्यसंस्थेत तक्रार अधिकारी नेमणेही आवश्यक आहे. रुग्णाचा आणि कामगाराचा हक्क असा एकाच कायद्यात नांदतो. त्यांना परस्परांविरुद्ध उभे करण्यात लाभ केवळ व्यवस्थापनाचा आहे.

कार्यकर्त्यांनी आपापल्या तालुक्यातील रुग्णालयांत जाऊन तीन प्रश्न विचारावेत. तक्रार अधिकारी कोण? हातमोजे कंत्राटी कामगारालाही मिळतात काय? मध्यरात्री सुई टोचली तर औषध कोठे मिळते? रुग्णालय कामगारांच्या संघटनांनीही संरक्षक साधनांच्या मागणीशेजारीच केसपेपरवरील खूण पुसण्याची मागणी लिहावी. रुग्णाला दारातून परत पाठविल्याने आजवर एकाही कामगाराच्या हातात हातमोजा आलेला नाही. तो संघटित मागणीनेच येईल.