मध्यस्थ कोणाचा?

संसारांत ज्या प्रसंगीं शहाणीं माणसेंही एकमेकांशीं परक्याप्रमाणें बोलूं लागतात, त्यांत वडिलोपार्जित जमिनीच्या विक्रीचा प्रसंग पहिला धरावा लागेल. लग्नाच्या याद्या करतांना रुसवेफुगवे होतात, पण ते अक्षतांबरोबर विरून जातात. जमिनीच्या व्यवहारांत उच्चारलेला एक वावगा शब्द मात्र पुढील पिढीच्या कानांपर्यंत पोंचतो. आणि बहुतेक वेळां या कलहाचें खापर फुटतें तें दलालाच्या डोक्यावर. तें नेहमींच न्याय्य असतें काय, याचा विचार या महिन्यांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

बीड तालुक्यांत, बालाघाटाच्या डोंगराळ प्रदेशांत, मांजरसुंब्याहून पाटोद्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर लिंबागणेश हें गांव आहे. भालचंद्र गणपतीच्या देवळामुळें तें भाविकांस परिचित आहे. तेथील एक कुटुंब आमच्या चांगल्या ओळखीचें. थोरले बंधु पुण्यास स्थायिक झालेले, मधले छत्रपति संभाजीनगरास, धाकटे गांवींच शेती पाहणारे, आणि एकुलती बहीण सोलापुरास दिलेली. वडील वारल्यावर सातबाऱ्यावर चौघांचीं नांवें वारस म्हणून लागलीं. पुढें सहा एकर जिराइत जमीन विकावी असें तिघां भावांनीं ठरविलें व गांवांतील एका माहितगार मध्यस्थास गिऱ्हाईक पाहण्यास सांगितलें.

येथपर्यंत सर्व ठीक होतें. परंतु थोरल्यांनीं मध्यस्थास बजाविलें कीं, सांगितलेल्या भावांत एक पैसाही कमी होणार नाहीं. मधल्यांना मुलाच्या शिक्षणाची निकड. त्यांनीं त्यास एकांतीं कळविलें कीं, थोडें कमी आलें तरी चालेल, पण सौदा लवकर जमवा. धाकट्यांचें म्हणणें, उभी तूर काढल्यावांचून ताबा द्यावयाचा नाहीं. पण तेंही ते भावांपाशीं न बोलतां मध्यस्थापाशींच बोलले. मध्यस्थानें यांपैकीं गिऱ्हाइकास रुचेल तेवढेंच त्याच्या कानीं घातलें. बीडच्या त्या गृहस्थांनीं विश्वासानें इसार दिला. खरेदीखताची वेळ जवळ आली तेव्हां मध्यस्थानें सोलापुरास फोन केला, “अक्का, तुमची तेवढी एक सही लागती.” अक्कांनीं सही देण्याचें साफ नाकारलें.

मग काय विचारतां! खरेदीदार म्हणूं लागले कीं, सर्वांनीं मिळून आपणांस फसविलें. थोरल्यांना वाटलें, दलालानें दोन्हीकडून पैसे घेऊन भाव पाडला. मधल्यांनीं धाकट्यांवर, तर धाकट्यांच्या पत्नीनें पुण्याच्या जावेवर दोष ठेविला. अखेर सर्वांनीं मिळून मध्यस्थास ओसरीवर बोलावून घेतलें व त्याची उलटतपासणी आरंभिली. त्या बिचाऱ्यानें बराच वेळ ऐकून घेतलें आणि मग तो एवढेंच म्हणाला, “अण्णा, आठ महिनं मी हेलपाटे घातले, पेट्रोल बी माझ्या पदरचं. तुम्ही तिघांनी तीन गोष्टी सांगितल्या. मी नेमका कोणाचा माणूस होतो, तेवढं सांगा.”

आमच्या मतें या सर्व प्रकरणांत हाच एक प्रश्न मुद्याचा होता, आणि तो आठ महिने अगोदर विचारला जावयास हवा होता. मध्यस्थ निर्दोष होता असें आम्ही म्हणत नाहीं. तीन भावांचीं तीन मतें ऐकल्यावर तीं त्यानें तिघांसमोर मांडावयास हवीं होतीं. १८७२ चा करारविषयक कायदा याबाबत स्पष्ट आहे. अडचण उत्पन्न झाली असतां धन्यास कळवून त्याचा हुकूम घेणें हें प्रतिनिधीचें कर्तव्य आहे. धन्यास न सांगतां त्यानें व्यवहारांत स्वतःसाठीं फायदा साधला, तर त्या फायद्यावर धन्याचा हक्क पोंचतो. आणि गैरवर्तन केल्यास तेवढ्या कामाच्या मेहनतान्यास तो मुकतो. पण तोच कायदा हेंही सांगतो कीं, वेगळा ठराव नसेल तर काम तडीस गेल्यावांचून मेहनताना देय होत नाहीं. म्हणजे आपल्या घरांतील बेबनावामुळें सौदा मोडला, तर आठ महिने राबलेला मनुष्य रिकाम्या हातीं घरीं जातो! अशा माणसानें कसेंही करून सौदा जमविण्यासाठीं गोड तेवढेंच बोलावें, यांत नवल तें काय?

शहरांतील सदनिका किंवा प्रकल्पांतील भूखंड घेणारांस या बाबतींत थोडा आधार मिळाला आहे. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याप्रमाणें, ज्यास आपण महारेरा म्हणतों त्या प्राधिकरणाकडे अशा व्यवहारांतील दलालास नोंदणी करावी लागते. आणि २०२३ पासून महाराष्ट्रांत त्यांच्यासाठीं प्रशिक्षण व परीक्षाही ठेविली आहे. परंतु लिंबागणेशासारख्या गांवीं सहा एकर शेतजमिनीचा सौदा जुळविणाऱ्यास ही नोंदणी लागू नाहीं. तेथें जी कांहीं शिस्त असेल ती आपणच घालून घेतली पाहिजे.

म्हणून आमचें वाचकांस सांगणें असें. मध्यस्थास घरीं बोलाविण्यापूर्वीं सातबाऱ्यावर ज्यांचीं ज्यांचीं नांवें आहेत त्यांस एकत्र बसवावें. भाव, मुदत, ताबा आणि पैशाची वांटणी या चारही गोष्टी तेथेंच ठरवाव्या. मुलीबाळींस यांतून वगळण्याचा काळ गेला. वडिलार्जित एकत्र मिळकतींत मुलीस मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क २००५ च्या दुरुस्तीनें मिळाला, आणि त्यासाठीं २००५ सालीं वडील हयात असले पाहिजेत असें नाहीं, हें सर्वोच्च न्यायालयानें २०२० सालीं स्पष्ट केलें. तरीही बहिणीस सही पुरती आठवण करणारीं घरें आम्ही पाहतों. मराठवाड्यांत आणखी एक दक्षता हवी. १९४८ पर्यंत हा मुलूख निजामाच्या राज्यांत असल्यामुळें जुन्या दप्तरांत उर्दू कागद सांपडतात. जमीन इनामी होती काय, विक्रीस परवानगी लागते काय, हें १९५४-५५ च्या खासरा पाहणी पत्रकापासून तपासून घ्यावें आणि असेल ती उणीव खरेदीदारास आपण होऊन सांगावी. लपविलेली उणीव शेवटीं दलालाच्या तोंडूनच बाहेर पडते.

यानंतर घरांतील एकानेंच मध्यस्थाशीं बोलावें. इतरांनीं बोलावयाचें तें त्या एकाशीं. मध्यस्थ विकणाराचा कीं घेणाराचा, कीं उभयतांच्या संमतीनें दोघांचा. दलाली किती व कोणीं द्यावयाची. सौदा आमच्याच कारणानें मोडल्यास त्याच्या श्रमाचें काय, हें एका कागदावर लिहून सह्या कराव्या. खरेदीदारानें इसार मध्यस्थाच्या हातीं न देतां मालकांच्या बँकेच्या खात्यांत भरावा व पावती घ्यावी. ओळखीच्या माणसापाशीं कागद कसला मागावयाचा, असें पुष्कळांस वाटतें. आमचा अनुभव असा कीं, ओळख टिकावी असें वाटत असेल तर कागद आधीं करावा.

त्या कुटुंबाचें पुढें काय झालें, हें वाचक विचारतील. थोरले बंधु स्वतः सोलापुरास गेले. हिश्शाच्या रकमेबद्दल अक्कांची कसलीच तक्रार नव्हती. त्या म्हणाल्या, “अण्णा, बाबांचं शेत विकलं जातंय हें मला परक्या माणसाच्या फोनवरून कळावं?” यावर अण्णांपाशीं उत्तर नव्हतें. पुढल्या संकष्टीस चारही भावंडें लिंबागणेशीं जमलीं. खरेदीदारांस व मध्यस्थासही बोलाविलें, आणि प्रत्येकानें मनांतलें सर्वांसमक्ष सांगितलें. तूर निघाल्यावर ताबा देण्याचें ठरलें, भावांत थोडी तडजोड झाली, दलाली लिहून दिली गेली, आणि अक्कांनीं पहिली सही केली. जमीन गेली, पण माहेर राहिलें.

गणेशचतुर्थीस चंद्र पाहिला तर खोटा आळ येतो, अशी आपल्याकडे समजूत आहे, आणि स्यमंतक मण्याची कथा त्या दिवशीं घरोघर सांगितली जाते. मणि चोरल्याचा आळ आला तेव्हां श्रीकृष्णानें कोणाशीं वाद घातला नाहीं. त्यानें मण्याचा शोध केला व तो आणून भरसभेंत सत्राजिताच्या हातीं ठेविला. व्यवहारांत आळ घेण्याची वा सोसण्याची पाळी आली, तर आपणही तोच मार्ग धरावा. जें एकेकट्याच्या कानांत सांगितलें गेलें आहे, तें सर्वांसमोर आणून ठेवावें.