रस्ता तपासणारा वेगळा हवा

मागच्या पावसाळ्यात माझ्या खाला मुलाच्या स्कूटीवर बसून दवाखान्यात निघाल्या होत्या. गावाच्या रस्त्यावर खड्डा चुकवताना गाडी घसरली आणि त्यांचा हात मोडला. मी पुण्याहून अहमदपूरला आलो, तेव्हा रस्त्याच्या कडेचा फलक वाचला. काम होऊन दोन वर्षेही झाली नव्हती. दोषदायित्व कालावधी चालू होता, म्हणजे दुरुस्ती ठेकेदारानेच स्वखर्चाने करायची होती. फक्त रस्ता खराब झाला आहे, असे कुणीतरी कागदावर लिहायला हवे होते. ते कुणीच लिहिले नव्हते.

लातूर-नांदेडकडे लोक म्हणतात, इथली काळी माती रस्ता टिकू देत नाही. हे अर्धेच खरे आहे. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. पण अभियंत्यांना हे ठाऊक असते. त्यासाठीच अंदाजपत्रकात मुरुमाचा थर, खडीकरण, दबाई आणि बाजूची नाली धरलेली असते. एकदा डांबर पडले की खालचे काही दिसत नाही. म्हणून खरी तपासणी काम चालू असतानाच व्हायला हवी.

आज ती कोण करतो? शाखा अभियंता मोजमाप पुस्तिकेत नोंद करतो, उपअभियंता ती तपासतो, कार्यकारी अभियंता बिल मंजूर करतो. तिघेही एकाच विभागाचे. मी सॉफ्टवेअर अभियंता आहे. आमच्याकडे ज्याने कोड लिहिला, तोच तो पास करत नाही; दुसरा सहकारी तपासतो. यात अविश्वास नसतो. आपली चूक आपल्याला दिसत नाही, एवढेच.

शासनालाही हे मान्य आहे. २००० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री ग्राम सडक योजनेत तीन स्तरांवर तपासणी होते. तिसऱ्या स्तरावर राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक येतात. ते बहुधा निवृत्त वरिष्ठ अभियंते असतात आणि त्या कामाशी त्यांचा संबंध नसतो.

हेच तत्त्व जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या रस्त्यांनाही लावावे. नांदेडच्या कामावर लातूरचा शासकीय अभियंता जावा, लातूरच्या कामावर नांदेडचा. जलसंपदा आणि पाणीपुरवठा विभागांतही स्थापत्य अभियंते आहेत. कुणी कुठे जायचे हे संगणकाने चिठ्ठी काढून ठरवावे. नमुने शासकीय तंत्रनिकेतनाच्या प्रयोगशाळेत तपासावेत. अहवाल फोटोंसह संकेतस्थळावर टाकल्याशिवाय बिल निघू नये. शिक्षकांना मात्र या कामाला जुंपू नये. निवडणूक आणि जनगणनेचे ओझे त्यांच्यावर आधीच आहे.

कुणी म्हणेल, सरकारी माणूस सरकारी माणसालाच सांभाळून घेणार. ही शंका रास्त आहे, म्हणूनच अहवाल उघडा हवा. सहीखालचे नाव गावाने वाचले की खोटे लिहिणे अवघड होते. आणि खरे लिहिणाऱ्याला संरक्षणही हवे. महामार्ग प्राधिकरणातील अभियंते सत्येंद्र दुबे यांनी गैरप्रकारांबद्दल पंतप्रधान कार्यालयाला पत्र लिहिले होते. नाव गुप्त ठेवण्याची त्यांची विनंती पाळली गेली नाही. नोव्हेंबर २००३ मध्ये गया येथे त्यांची हत्या झाली.

तोवर आपण हातावर हात ठेवून बसायचे का? २००५ च्या माहिती अधिकार कायद्यात केवळ कागद मागण्याचा अधिकार नाही. कामाची पाहणी करण्याचा आणि साहित्याचे प्रमाणित नमुने घेण्याचाही आहे. मोहल्ल्यातल्या अभियांत्रिकीच्या मुलांनी हे काम अंगावर घ्यावे. सार्वजनिक पैसा ही सगळ्यांची अमानत आहे. तिचा हिशेब मागणे म्हणजे कुणाशी वैर नव्हे.

खालांचे प्लास्टर निघाले आहे. त्यांच्या मुलाने दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज दिला आहे. त्यात एवढेच मागितले आहे: या रस्त्याची मोजमाप पुस्तिका आणि पाहणीसाठी एक तारीख.