वतनदार गेला, भागीदार आला!

वाचकहो, ‘भागीदार’ या शब्दाचा अर्थ आपणांस कोणी शिकवावयास नको. दोघे मिळून दुकान काढतात, हिशेबाची वही दोघांनाही उघडी असते, नफा झाला तर वाटून घेतात आणि तोटा आला तर दोघे मिळून सोसतात. पिंपळगाव रेणुकाईच्या मिरचीच्या बाजारातील कोणताही व्यापारी हाच अर्थ सांगेल. मग भोकरदनच्या रस्त्याने पार्सलांनी भरलेली गाडी घेऊन या गावात येणाऱ्या तरुणास ‘डिलिव्हरी पार्टनर’, म्हणजे माल पोचविणारा भागीदार, ही पदवी कोणत्या हिशेबाने मिळाली? त्याने कोणती वही पाहिली आहे?

मालाचा ग्राहकाच्या दारापर्यंतचा जो अखेरचा टप्पा, त्यास या धंद्यात ‘लास्ट माईल’ म्हणतात. तो सुधारावा म्हणून बड्या कंपन्या आणि स्टार्टअप म्हणविणारे नवे उद्योग यांच्यात करारामागून करार होत आहेत. २०२१ च्या फेब्रुवारीत ॲमेझॉनने महिंद्र इलेक्ट्रिकशी हातमिळवणी करून विजेवर चालणाऱ्या तीनचाकी मालगाड्या सात शहरांत उतरविल्या. पुण्यात २०१६ साली निघालेल्या इलॅस्टिकरन या उद्योगाने रिकाम्या राहणाऱ्या गाड्यांचा उपयोग करून खेड्यांतील किराणा दुकानांपर्यंत माल नेण्याची युक्ती काढली, आणि २०२२ मध्ये जपानच्या सॉफ्टबँकेचा पैसा तिच्यामागे उभा राहिला. या युक्त्यांना आम्ही नावे ठेवीत नाही. यंत्राने रस्ता शोधावा, पेट्रोल वाचवावे, धूर कमी करावा, हे आम्हांस हवेच आहे. यंत्राचा द्वेष करणे हे आमचे काम नव्हे. यंत्राने वाचविलेला पैसा कोणाच्या खिशात जातो, हे विचारणे आमचे काम आहे.

या करारांवर सह्या करणारे खरोखर भागीदार असतात. त्यांचे समभाग असतात, वकील असतात, करार मोडल्यास दाद मागण्याची सोय असते. गाडी चालविणाऱ्याचे काय? पुष्कळदा गाडीचा हप्ता त्याचा, तेल त्याचे, टायर फुटला तर खर्च त्याचा. मोबदला पार्सलामागे किंवा फेरीमागे, आणि त्याचा दर ठरविणारा पलीकडचा. ग्राहकाने दार उघडले नाही तर श्रम फुकट. एके सकाळी फोनवरील खाते बंद झाले की भागीदारी संपली! कारण विचारावयाचे तर समोर माणूसच नाही.

मानाच्या नावाखाली वेठ राबविण्याची ही रीत आपल्या समाजास नवी नाही. गावचा निरोप तालुक्याला नेणारा, सरकारी ऐवजाबरोबर चालणारा, रात्री-अपरात्री हाक येताच उठणारा आपला आजा-पणजा कागदावर ‘वतनदार’ होता. वतनाची तुटपुंजी जमीन आणि बलुत्याची भाकरी यांच्या बदल्यात चोवीस तास त्याच्यावर सरकारचा व गावाचा हक्क चाले. हे मानाचे नाव म्हणजे गळ्यातील दोर आहे, हे ओळखून बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. व्हाइसरॉयच्या मंडळात ते मजूरमंत्री असताना, १९४६ च्या दुरुस्तीने कारखान्यांतील कामाचे आठवड्याचे तास ५४ वरून ४८ झाले. ते तास कामगारासाठी होते. आजच्या चालकास कामगार म्हणावयाचेच नाही, म्हणजे तासांचा प्रश्नच उरत नाही, अशी ही सोय आहे.

कायदाही येथे अर्ध्या वाटेवर थांबला आहे. २०२० ची सामाजिक सुरक्षा संहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आली. तिने मालक व नोकर या रूढ नात्याबाहेर राबणाऱ्या ‘गिग’ कामगाराची व्याख्या केली आणि कंपन्यांनी उलाढालीचा १ ते २ टक्के भाग त्यांच्या कल्याणासाठी द्यावा असे ठरविले. मात्र कामगारांना दिलेल्या रकमेच्या ५ टक्क्यांपलीकडे हा भार जाऊ नये, अशी मर्यादाही घातली. किमान वेतनाची आणि कामाच्या तासांची हमी त्या संहितेत त्यास नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाप्रमाणे असे लोक २०२०-२१ मध्ये ७७ लाख होते आणि २०२९-३० पर्यंत ते २ कोटी ३५ लाख होतील. एवढ्या माणसांना विम्याच्या आश्वासनावर बोळवावयाचे काय?

आता हा प्रश्न गावाच्या टोकाला कसा पोचतो ते पाहा. डिसेंबर २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला, आणि त्याजागी समतानगर, भीमनगर अशी नावे सुचविली. २०२५ मध्ये टपाल खात्याने डिजिपिन काढला. त्यात देशाची चार मीटर लांब व चार मीटर रुंद अशा चौकोनांत वाटणी झाली. म्हणजे आपल्या उंबरठ्यालाही आता स्वतंत्र खूण आहे. तरीही खेड्यापाड्यांत फोन येतो तो असाच: ‘स्टँडवर या आणि पार्सल घेऊन जा.’ चालकावर रागावू नका. नगाने पैसे मिळणाऱ्यास वेशीबाहेरच्या कच्च्या रस्त्यावरील फेरी आपल्या पोटातून काढावी लागते. त्याच्या फेरीची चोरी झाली, म्हणून आपल्या दारापर्यंतची वाट तुटली. ज्यास घरपोच म्हणून विकले, ते आपण आपल्या पायांनी घरपोच करतो!

आणि परतीची फेरी? गाडी भरून येते व रिकामी जाते. त्याच गावातून मिरची मात्र निराळ्या ट्रकांनी शहरांकडे निघते. रिकाम्या गाड्यांचा हिशेब मांडणारे यंत्र आज आहे. परतीचा माल जोडून द्यावा आणि त्या भाड्यातील ठरलेला वाटा चालकाच्या नावे लिहावा, म्हणजे भागीदार हा शब्द खरा होईल.

राजस्थानने २०२३ साली या कामगारांसाठी स्वतंत्र कायदा केला. कर्नाटकाने २०२५ साली केलेल्या कायद्यात कामावरून काढण्यापूर्वी लेखी कारण आणि चौदा दिवसांची पूर्वसूचना बंधनकारक आहे. तेवढे तरी जालन्याच्या चालकास मिळालेच पाहिजे; आणि त्यावर फेरीचा किमान दर, दूरच्या वस्तीसाठी जादा मोबदला व हिशेब पाहण्याचा हक्क. आपल्या गावात माल आणणाऱ्या तरुणास थांबवून एवढेच विचारा: बाबा, तुझा दर कोण ठरवितो? आणि त्याचे उत्तर आपल्या आमदारास लेखी कळवा.