कुसकुसऐवजी घरच्या कण्या



दहिवलीच्या एका आजींचा प्रश्न आला आहे. मुंबईच्या नातवाला डॉक्टरांनी तपासणीनंतर गहू कायमचा बंद सांगितला. त्याला कुसकुस फार आवडते. सुट्टीत तो गावी आला की त्याला काय करून घालावे?

कुसकुस हे नाव ऐकून खसखस आठवेल, पण तिचा याच्याशी संबंध नाही. मोरोक्को, अल्जीरिया, ट्युनिशिया या देशांत गव्हाच्या रव्यावर पाणी शिंपडून हाताने बारीक दाणे वळतात आणि वाफवतात, ते कुसकुस. म्हणजे मूळ गहूच. लापशी रवा, मैदा, शेवया यांप्रमाणे नातवाला तेही वर्ज्य.

गहू व जव यांत ग्लुटेन नावाचे चिकट प्रथिन असते. काहींना ते सोसत नाही. आतड्याच्या अस्तराला इजा होते, अन्न अंगी लागत नाही. वारंवार जुलाब, पोट फुगणे, रक्त कमी होणे, मुलाची वाढ खुंटणे अशी लक्षणे दिसतात. हॉलंडमध्ये १९४४-४५ च्या हिवाळ्यात पाव मिळेनासा झाला, तेव्हा अशी आजारी मुले सुधारली आणि पाव परत येताच पुन्हा आजारी पडली. त्यावरून डॉ. विलेम डिके यांचा गव्हावरचा संशय पक्का झाला.

आता आपल्या घरात काय आहे ते पाहा. भाताला ग्लुटेन नाही. वरकस जमिनीवरची नाचणी आणि वरी यांनाही नाही. ज्वारी, बाजरीही चालतात. भात भरडून आणल्यावर ज्या कण्या आपण कोंबड्यांपुढे टाकतो, त्याच कुसकुसच्या जागी उत्तम.

कण्यांची कृती : एक वाटी कण्या पाखडून, धुऊन अर्धा तास भिजवा. पाणी पूर्ण निथळू द्या. मोदकपात्रात ओले फडके घालून त्यावर पसरा व पंधरा मिनिटे वाफवा. मग परातीत काढून मिठाच्या पाण्याचा हबका मारा, चमचाभर तेल लावून बोटांनी मोकळ्या करा आणि पुन्हा दहा मिनिटे वाफवा. दाणा सुटा राहतो. वर कडव्या वालाचे बिरडे किंवा भाज्यांचा रस्सा वाढा. डाळ-कडधान्य सोबत असावेच, कारण नुसत्या कण्यांत प्रथिने बेताची.

नाचणीची कृती : पीठ मंद आचेवर भाजा. मिठाचे पाणी थोडे थोडे शिंपडत बोटांनी चोळा. मुठीत धरले तर गोळा व्हावा, दाबला तर सुटावा, इतकेच ओले करा. रव्याच्या चाळणीतून काढून दहा-बारा मिनिटे वाफवा. नाचणीच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते, तांदळात त्याचा अगदी थोडा अंश. वाढत्या मुलाला आठवड्यातून दोन-तीनदा नाचणी द्या.

वरी धुऊन, कोरडी भाजून दुप्पट-अडीचपट पाण्यात शिजवली की तीही छान मोकळी होते.

मात्र चार गोष्टी सांभाळा.

१. गिरणीत गव्हामागून आपली नाचणी दळू नका. जात्यात अडकलेले गव्हाचे पीठ मिसळते. ग्लुटेनमुक्त म्हणून विकल्या जाणाऱ्या अन्नात किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा कमी ग्लुटेन असावे, असा आपल्याकडे नियम आहे. यावरून चिमूटभर पिठाची किंमत ओळखा. घरचे जाते किंवा मिक्सर स्वच्छ धुऊन, वाळवून वापरा.

२. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ किंवा मैदा असतो. वेष्टन वाचा. फोडणीला जिरे-लसूण पुरे. सातूच्या पिठातही गहू किंवा जव असतो, तेही टाळा.

३. चपातीची परात, पोळपाट, चाळण या मुलासाठी वेगळी ठेवा.

४. घरातल्या दुसऱ्या कुणाला अशी लक्षणे असतील, तर आपल्या मनाने गहू बंद करू नका. गहू आधीच सोडला तर रक्ताच्या तपासणीत रोग सापडत नाही. आधी डॉक्टर, मग पथ्य. आणि ज्याला हा रोग नाही, त्याने गहू सोडण्याचे कारण नाही.

कण्या अख्ख्या तांदळापेक्षा लवकर किडतात. भात भरडाल तेव्हा त्या वेगळ्या काढा, उन्हात वाळवा, घट्ट झाकणाच्या डब्यात भरा आणि महिन्या-दीड महिन्यात संपवा. नातू यायच्या आठवडाभर आधी भरडलेत तर अधिक चांगले.