होते, असावेत, असतील, होते म्हणे

परवा एका विद्यार्थिनीच्या शोधनिबंधाचा कच्चा खर्डा वाचत होतो. विषय होता गिरगावातील वाड्या आणि मराठी कथा. पार्श्वभूमीच्या प्रकरणात एक वाक्य आढळले : ‘फणसवाडीच्या परिसरात पूर्वी फणसाची झाडे विपुल होती, असे सबळ पुरावे सुचवतात.’ समासात मी विचारले, ‘कोणते पुरावे?’ भेटीत तिने निरागसपणे उत्तर दिले, ‘सर, नावच आहे ना!’

तिचे उत्तर चुकीचे नव्हते. चुकले होते ते वाक्य, आणि ते तिचे एकटीचे नव्हते. गेल्या काही वर्षांत प्रबंधांत, चर्चासत्रांतील निबंधांत आणि प्रतिष्ठित नियतकालिकांतील समीक्षेतही हे वाक्य वेगवेगळ्या रूपांत भेटत आले आहे. ‘पुरावे सुचवतात’, ‘पुरावे निर्देश करतात’, ‘वाढते पुरावे दाखवतात’. ‘एव्हिडन्स सजेस्ट्स’, ‘स्ट्राँग एव्हिडन्स’, ‘ग्रोइंग बॉडी ऑफ एव्हिडन्स’ या इंग्रजी शब्दजोड्या आपण विद्यार्थ्यांकडून पाठ करून घेतो. इंग्रजीत निबंध लिहायचा तर ते आवश्यकच आहे. परंतु त्याच जोड्या मराठीत उतरल्या की काय हरवते, याचा विचार आपण फारसा केलेला नाही.

परक्या शब्दप्रयोगांना माझा सरसकट विरोध नाही. १८७२ च्या पुरावा कायद्याने आणि त्याभोवती वाढलेल्या कोर्टाच्या मराठीने आपल्याला ‘परिस्थितिजन्य पुरावा’, ‘ऐकीव पुरावा’ असे शब्द दिले. तो कायदा जाऊन १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला, तरी हे शब्द राहतील. ‘सबळ पुराव्याअभावी निर्दोष मुक्तता’ हे तर वृत्तपत्र वाचणाऱ्या प्रत्येकाला ठाऊक आहे. हे प्रयोग रुजले, कारण त्यांच्यामागे माणसे उभी आहेत. पुरावा कोणीतरी गोळा करतो, कोणीतरी सादर करतो, कोणीतरी ग्राह्य धरतो किंवा फेटाळतो. ‘पुरावे सुचवतात’ या वाक्यात मात्र माणूसच नाही. पुरावा आपण होऊन बोलतो आणि अनुमान करणारा लेखक त्याच्या आड उभा राहतो.

आता फणसवाडीचीच परीक्षा घेऊ. आज ठाकुरद्वार-चिराबाजारच्या बाजूने त्या गल्लीत शिरले तर व्यंकटेशाचे मंदिर लागते, दुकाने आणि इमारती लागतात. नावापुरता फणस उरला आहे. मग या नावावरून काय म्हणता येईल? मुंबईत ‘वाडी’ या शब्दाचा जुना अर्थ बागाईत जमीन असा होता. इंग्रजी दप्तरांत अशा जमिनींना पोर्तुगीज ‘ओर्ता’वरून आलेला ‘ओर्ट’ हा शब्द वापरीत. गिरगावचा बराच भाग एके काळी अशा नारळी-बागांनी व्यापलेला होता. शेजारी आंबेवाडी आहे, केळेवाडी आहे. तेव्हा फणसाचे अनुमान निराधार नाही.

परंतु जवळच झावबावाडीही आहे आणि ती एका घराण्याच्या नावाने ओळखली जाते. वाडीला झाडाचे नाव मिळते, तसे माणसाचेही मिळते. शिवाय नाव पडायला झाडे विपुल असावी लागतात असेही नाही. नारळांच्या गर्दीत एखादाच जुना फणस असेल, तर ओळखीची खूण म्हणून लोक त्याचेच नाव घेतील. जे सर्वत्र आहे त्यावरून जागा ओळखता येत नाही. म्हणजे ‘विपुल’ हा शब्द नावातून निघतच नाही. झाड होते याला नाव हा आधार आहे. किती होती, यावर ते मौन आहे.

हे सारे सांगायला मराठीला ‘सबळ’ किंवा ‘अपुरा’ अशा विशेषणांची गरज पडत नाही. आपल्या क्रियापदातच त्याची सोय आहे. ‘फणसवाडीत फणस होते’ असे म्हणणाऱ्याने पाहिलेले असते किंवा त्याच्या हाती कागद असतो. ‘फणस असावेत’ म्हणणारा खुणेवरून अनुमान करतो. ‘फणस असतील’ म्हणणारा केवळ शक्यता मान्य करतो. आणि ‘फणस होते म्हणे’ म्हणणारा दुसऱ्याचे ऐकलेले, आपली जबाबदारी न घेता, पुढे देतो. डोळा आणि कान यांत चार बोटांचे अंतर असते, असे आपण म्हणतो. ते अंतर या एका ‘म्हणे’त मोजलेले आहे. घरातली आजी हे भेद रोज अचूक पाळते. पदव्युत्तर वर्गात आल्यावर ते आपण विसरतो आणि सगळेच ‘होते’ करून टाकतो. मग पुढे ‘सुचवतात’ जोडून सावधपणाचा देखावा करतो. तिच्या वाक्यात नेमके हेच झाले होते : ‘होती’ ठाम, ‘सबळ’ त्याहून ठाम आणि ‘सुचवतात’ बिचकते.

स्थलनामाच्या बाबतीत यामुळे फारसे बिघडत नाही. वाङ्मयाच्या अभ्यासात बिघडते. राजवाड्यांच्या ज्ञानेश्वरीचे उदाहरण घ्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला. त्याच्याही पूर्वीची म्हणून एक पोथी वि. का. राजवाडे यांनी १९०९ साली छापली आणि तिच्या आधाराने ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण रचले. मूळ पोथी मात्र पुढील अभ्यासकांना तपासायला मिळाली नाही आणि तिच्या प्राचीनतेविषयी शंका घेतल्या गेल्या. राजवाड्यांचा अधिकार कमी करण्याचे काही कारण नाही. परंतु ‘ज्ञानेश्वरांच्या काळी हे रूप होते’ आणि ‘राजवाडे प्रतीवरून पाहता हे रूप असावे’ या दोन वाक्यांत एका हरवलेल्या पोथीचे अंतर आहे. पहिले वाक्य लिहिणारा विद्यार्थी त्या पोथीचा जामीन होतो, आणि आपण जामीन झालो आहोत हे त्याला कळतही नाही.

कथा-कादंबरीबाबतही तेच. चाळीवरील एखादी कथा चाळीच्या जीवनाचा ‘पुरावा’ आहे, असे आपण सहज लिहितो. ती साक्ष आहे असे म्हणावे. साक्षीदाराला बाजू असते, त्याची उलटतपासणी करता येते, तो काय सांगत नाही हेही विचारता येते. पुरावा, साक्ष, दाखला, आधार, प्रमाण, खूण हे शब्द आपल्याकडे वेगवेगळे आहेत ते उगाच नव्हेत. सगळ्यांच्या जागी एकटा ‘पुरावा’ बसवला की साहित्यकृतीची फिर्याद होते आणि समीक्षेचा पंचनामा.

काही सहकारी म्हणतील, हा शब्दांचा कीस आहे, संशोधनाची जागतिक परिभाषा मराठीतही आलीच पाहिजे. यावी. पण परिभाषा कर्त्याला लपवण्यासाठी येत असेल तर तिच्यासाठी दार उघडण्यापूर्वी थांबले पाहिजे. ‘मला असे वाटते, कारण…’ असे लिहायला आपण विद्यार्थ्यांना मज्जाव करतो, ते शास्त्रीय नाही म्हणतो. वस्तुतः त्या वाक्यात अनुमान करणारा समोर असतो आणि त्याला खोडून काढण्याची सोय वाचकाला असते. ज्ञानव्यवहाराला याहून अधिक काय हवे?

त्या विद्यार्थिनीने वाक्य बदलले. नवे वाक्य असे : ‘फणसवाडी या नावावरून येथे पूर्वी फणसाचे निदान एखादे झाड असावे, असे मी मानते.’ पुरावा तोच, एक नाव. फक्त आता तो कोणी वाचला हे कळते, आणि ‘असावे’ या तीन अक्षरांत त्याचे वजनही.