बोलणारी बाई आणि ऐकणारं शास्त्र



काही वर्षांपूर्वी सालेकसा भागातली एक विडी कामगार बाई आमच्या केंद्रात आली. आली म्हणजे तिच्या आईनं आणली. ऐन रोवणीत, बांधीत उभी असताना तिची वाचा गेली होती. घशाला इजा नाही. मांत्रिकानं ‘बाहेरचं’ सांगितलं, लिंबू-नारळ झालं. मग एका डॉक्टरांनी केसपेपरवर ‘हिस्टेरिया’ लिहून झोपेच्या गोळ्या दिल्या. घरी काय चाललंय हे दोघांनीही विचारलं नाही. खरं सांगायचं तर पहिल्या दिवशी मीही विचारलं नाही. मी तिला कायदा समजावत बसले.

त्यानंतर मी मानसशास्त्र मिळेल तसं वाचू लागले. आमच्या गटात यावर वाद आहे. काहीजणी म्हणतात, हे शास्त्र बाईला जुळवून घ्यायला शिकवतं. दुखणं समाजाचं आणि इलाज बाईच्या डोक्यावर. हे म्हणणं निम्मं खरं आहे. उरलेल्या निम्म्यासाठी हे लिहिते आहे.

‘हिस्टेरिया’ हा शब्द ग्रीक भाषेतल्या गर्भाशयाच्या शब्दावरून आला. म्हणजे आजाराच्या नावातच बाईपण. १८८० साली व्हिएन्नात बर्था पापेनहाइम या तरुणीला अशीच लक्षणं सुरू झाली, काही काळ तिला स्वतःची भाषाही बोलता येईना. डॉ. ब्रॉयर रोज येऊन तिचं ऐकत. ‘बोलण्याचा इलाज’ हे नाव त्या पद्धतीला तिनंच दिलं. फ्रॉईडचं मनोविश्लेषण पुढं त्यातूनच उभं राहिलं. याच बर्थानं १९०४ साली जर्मनीत ज्यू स्त्रियांची संघटना काढली, बायकांच्या विक्रीविरुद्ध लढली. पाठ्यपुस्तकात मात्र ती ‘ॲना ओ.’ नावाची रुग्णच राहिली!

फ्रॉईडनंही आधी ऐकलं होतं. लहानपणी झालेले लैंगिक अत्याचार या आजारामागं आहेत, असं त्यानं १८९६ साली जाहीर मांडलं. पुढच्याच वर्षी त्याचा त्यावरचा विश्वास उडाला आणि भर कल्पनाविश्वावर गेला. १९०० साली एका बापानं अठरा वर्षांची मुलगी त्याच्याकडे आणली. तिचाही आवाज अधूनमधून जाई. बापाचा मित्र तिच्यामागं लागला होता. फ्रॉईडनं घटना खरी मानली, पण तिला त्या माणसाची किळस आली यालाच आजार म्हटलं. तीन महिन्यांत मुलगी उठून गेली. बरं केलं तिनं.

वॉटसननं १९१३ साली म्हटलं, मन दिसत नाही, वर्तनाचंच बोला. या परंपरेत वाढलेल्या सेलिगमननं १९६७ साली कुत्र्यांवर प्रयोग केले: सुटकाच नसलेले विजेचे झटके बसलेले कुत्रे पुढं वाट मोकळी असूनही पडून राहिले. लेनोर वॉकरनं १९७९ साली हेच मार खाणाऱ्या बायकांना लावलं. ‘ती घर सोडत का नाही?’ या टोमण्याला त्यातून उत्तर मिळालं, म्हणून आपल्याला ते आवडलं. पण मला ते पटत नाही. आमच्याकडे येणारी बाई आधी माहेर, सरपंच, पोलीस पाटील असे सगळे उंबरठे झिजवून आलेली असते. ती पडून राहिलेली नसते, तिला दार कुणी उघडलेलं नसतं.

कार्ल रॉजर्सचं मला सगळ्यात जवळचं वाटतं. सल्ला देऊ नका, समोरच्याचं त्याच्या बाजूनं ऐका. फक्त त्याच्या खोलीत सासर नाही. १९६०च्या दशकात बेक आला, त्यानं निराशेमागचे चुकीचे विचार तपासायला शिकवलं. उपयोगी आहे. पण ‘दीर मारेल’ हा चुकीचा विचार नव्हे, तो अनुभवावरून बांधलेला अंदाज आहे. नेओमी वाइसस्टाइननं १९६८ सालीच बजावलं होतं की, भोवतालची परिस्थिती सोडून बाईच्या आत डोकावणाऱ्या शास्त्राला बाई कळलेलीच नाही.

आणि हे सगळं आपल्याला दूरचं नाही. गोंदियाहून चांदाफोर्टकडे जाणाऱ्या रेल्वेवर वडसा लागतं. तिथल्याच देसाईगंज पोलीस ठाण्यात १९७२ साली मथुरेवर अत्याचार झाला. भीतीनं गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, हे नागपूर खंडपीठाला कळलं होतं. सर्वोच्च न्यायालयानं मात्र १९७८ साली अंगावर जखमा नाहीत म्हणून पोलिसांना सोडलं. त्याच्या चार वर्षं आधी बोस्टनच्या दवाखान्यात ॲन बर्जेस ही परिचारिका आणि लिंडा होल्मस्ट्रॉम ही समाजशास्त्रज्ञ यांनी बायकांशी बोलून लिहून ठेवलं होतं की, बलात्कारानंतर कितीतरी जणी रडत नाहीत, शांत दिसतात. असं ज्ञान आपल्याकडच्या कोर्टात कुणी न्यायचं? कायदा १९८३ साली बदलला, तो बायका रस्त्यावर उतरल्या म्हणून.

आमची ती बाई पुन्हा येत राहिली. सूप, तेंदूपत्ता, तंबाखू घेऊन यायची, कोपऱ्यात विड्या वळायची. मी शेजारी बसायची, गप्प. हे मला फार जड गेलं. पाचव्या खेपेला विडीला दोरा बांधता बांधता ती हळूच म्हणाली, “मले माह्यी बांधी पायजे, ताई.” ज्या बांधीत तिची वाचा गेली ती तिच्या मेलेल्या नवऱ्याची होती. दिरानं ती बळकावली होती आणि तिलाच तिथं मजुरीनं रोवायला लावलं होतं.

आता ती बोलते, तलाठ्याशी भांडतेसुद्धा. सातबारावर अजून दिराचंच नाव आहे.