ऋषिपंचमीची भाजी आणि रक्ताची गोळी

गेल्या भाद्रपदांत पेण येथें एका स्नेह्यांकडे आम्ही गणपतीकरितां गेलों होतों. दुसऱ्या दिवशीं पानावर ऋषिपंचमीची भाजी आली. यजमान वृद्ध, हृदयांत कृत्रिम झडप बसविलेली आणि त्यासाठीं रक्त ‘पातळ’ करणारी गोळी रोजची. सूनबाईंनीं त्यांच्या पानावर अळू-माठाची ती भाजी वाढलीच नाहीं. सासूबाई म्हणाल्या, “वर्षाचा दिवस, चार घास तरी वाढ मामंजींना.” सूनबाई म्हणाल्या, “चार महिने पाला बंद ठेवला आहे, सासूबाई. गोळीला तो चालत नाहीं.” आम्ही कांहींबाहीं लिहितों म्हणून निवाडा आमच्याकडे आला.

मुळांत ‘रक्त पातळ करणें’ हे शब्दच फसवे. दह्यांत पाणी घालून ताक करावें तसें येथें कांहीं होत नाहीं. रक्त होतें तेवढेंच दाट राहतें, फक्त तें गोठण्यास उशीर लागतो. रक्त गोठविणारे कांहीं घटक यकृतांत तयार होतात व त्यांतील चारांस ‘के’ जीवनसत्त्व लागतें. एकदां वापरलेलें हें जीवनसत्त्व शरीर पुन्हां ताजें करून घेतें; वॉरफरिन किंवा असिनोकूमारॉल ही गोळी तें ताजें होऊं देत नाहीं. या औषधाचें कूळ मोठें विलक्षण आहे. १९२० नंतरच्या वर्षांत उत्तर अमेरिकेंत कुजकें क्लोव्हर गवत खाऊन गुरें रक्तस्रावानें मरूं लागलीं. विस्कॉन्सिन विद्यापीठांत कार्ल लिंक व त्यांचे सहकारी यांनीं त्यांतील द्रव्य वेगळें काढिलें. त्याचाच भाऊबंद वॉरफरिन १९४८ मध्यें उंदरांचें विष म्हणून विक्रीस आला आणि १९५४ मध्यें माणसांचें औषध ठरला!

पालेभाजींत हेंच ‘के’ भरपूर असतें. एके दिवशीं वाडगाभर अळू खाल्लें तर गोळीचा जोर ओसरतो. पण महिनोन्‌महिने पाला वर्ज्य केला तर तोच जोर वाढतो. म्हणजे सासूबाई व सूनबाई दोघींचेंही अर्धें बरोबर होतें. पाला थोडा असो वा बरा असो, रोजचें मान सारखें हवें, आणि गोळीची मात्रा त्या मानावर बसविलेली हवी. बोलतां बोलतां यजमानांच्या मनगटावरील निळे डाग आमच्या नजरेस पडले. दांत घासतांना हिरड्यांतून रक्तही येत होतें. ‘आय. एन. आर.’ ही तपासणी सणाच्या गडबडींत राहून गेली होती. गौरी झाल्यावर पाहूं, असें घरांत चाललें होतें. आम्हीं मात्र त्याच दिवशीं करण्याचा आग्रह धरिला.

पंक्तीस रोह्याचे एक गृहस्थ होते. त्यांनीं विचारिलें, “फुरसें चावल्यावर रक्त गोठेनासें होतें, तेंच का हें?” प्रश्न मार्मिक होता. फुरशाचें विष गोठण्याची क्रिया एवढी भडकवितें कीं तिचे घटकच खर्ची पडतात. अशा रुग्णाचें ताजें रक्त स्वच्छ, कोरड्या कांचनळींत वीस मिनिटें न हलवितां ठेविलें तरी प्रवाहीच राहतें. त्यावर उपाय प्रतिविषाचा. तरीही या फुरशाच्या विषांतील एकिस्टॅटिन या द्रव्याच्या घडणीवरून टिरोफिबान हें हृदयरोगावरील औषध बेतलें गेलें. तें रक्तांतील चकत्यांस एकमेकींस चिकटूं देत नाहीं. आपल्या परिचयाची ॲस्पिरिनही चकत्यांवरच चालते, मात्र वेगळ्या वाटेनें.

“मग झालेली गुठळी या गोळीनें विरघळेल ना?” त्यांचा पुढचा प्रश्न. नाहीं. गोळी नवी गुठळी अडविते व असलेली वाढूं देत नाहीं. गुठळी विरघळविणारीं स्ट्रेप्टोकायनेज, टेनेक्टेप्लेज हीं औषधें शिरेंतून देतात. तीं रक्तांतील सुप्त प्लाझ्मिनोजेन जागें करितात व त्यापासून झालेलें प्लाझ्मिन गुठळीचे धागे कापतें. हृदयविकाराच्या ज्या झटक्यांत हीं देतात, त्यांत तीं पहिल्या बारा तासांतच, आणि जितक्या लवकर तितकीं अधिक उपयोगी. पक्षाघातांत साधारणतः साडेचार तासांच्या आंत, तींही मेंदूंत रक्तस्राव नाहीं हें चित्रानें पाहिल्यावरच. कारण त्याच औषधानें मेंदूंत रक्तस्राव होण्याची भीति असते. रोह्याहून पेण किंवा मुंबई गांठावयाची तर घरांतील सल्लामसलतींत गेलेला तास फार महाग पडतो. गृहस्थ गप्प झाले. मागाहून कळलें, त्यांच्या थोरल्या बंधूंना कळ आली तेव्हां रात्रभर ओवा-सोडा देत सकाळ होऊं दिली होती.

यजमानांचा आय. एन. आर. त्या सायंकाळीं बराच चढलेला निघाला. डॉक्टरांनीं दोन दिवस गोळी थांबविली, पालेभाजी ठराविक मानानें सुरू केली व मात्रा नव्यानें बसविली. आतां सोमवारीं व गुरुवारीं एक वाटी माठ, असें सूनबाईंनीं कालनिर्णयावर लिहून ठेविलें असल्याचें सासूबाईंचें पत्र आलें आहे.